सातवं पुष्प

"सर, जानेवारीत पाऊस?" स्मरणिकेचं काम बघणाऱ्या तरुण प्राध्यापिकेने जुना अहवाल खरवडे सरांपुढे सरकवला. कॉलेजच्या व्याख्यानमालेचा साठ वर्षांचा इतिहास सर लिहीत होते. चाळीस वर्षांपूर्वीचं सातवं पुष्प मात्र 'पावसामुळे रद्द' होतं.

अहवालातलं ते वाक्य सरांनीच लिहिलं होतं.

वक्त्या होत्या खेड्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका, कॉलेजच्याच शिक्षक शिबिरात तयार झालेल्या. पाणवठ्यावरच्या शिवाशिवीबद्दल बोलणार होत्या. फाटकाजवळच्या फळ्यावर सरांनी त्यांचं नाव सुरेख अक्षरात लिहिलं. दुपारी संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला, "ते नाव पुसा." सरांनी ओल्या फडक्याने पुसलं.

संध्याकाळी बाई आल्या, सोबत म्हातारी आई. पुसलेल्या फळ्यासमोर दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. "सकाळी बाजाराला आले तेव्हा नाव वाचलं, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून आईला दाखवायला आणलं."

"मग काय लिहायचं, सर?" प्राध्यापिकेने विचारलं.

सरांनी 'पावसामुळे' खोडलं आणि बाईंचं नाव लिहायला पेन टेकवलं. ते ओलं फडकं आठवलं, म्हातारीचा चेहरा आठवला. नाव काही केल्या आठवेना.