पांढऱ्याचं लाल

निकिताने पांढऱ्या रंगावर क्लिक केलं आणि त्याच्या जागी लाल निवडला. क्षणात फोटोतल्या आईची साडी लाल झाली. बाबांचा सदराही लाल झाला, हारातला मोगरा लाल झाला, आणि आईच्या डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. लग्नाच्या दिवशी कुणी रडवल्यासारखे डोळे. निकिताने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं.

"अजून होतंय?" तिची आई, चंपाबाई, पलीकडे जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. "नुसता साफच करायचाय ना फोटो?"

"जुना आहे गं. वेळ लागतो."

साखरपुड्याला दोन्हीकडच्या आईवडिलांचे लग्नातले फोटो पडद्यावर दाखवायचे, ही तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, पृथ्वीराजची कल्पना. त्याला काय, त्याच्या आईच्या फोटोत हिरवा शालू होता, मुंडावळ्या होत्या. निकिताच्या आईबाबांचं लग्न बौद्ध पद्धतीने झालेलं. चंपाबाई पांढऱ्या साडीत उभ्या होत्या. पृथ्वीराजच्या घरी हे सगळं माहीत होतं, कुणी वावगा शब्द काढला नव्हता. पण हिंजवडीची त्याची भावकी मोठी. पडद्याकडे बघून कुणीतरी शेजारणीच्या कानाला लागणार, नवरीने पांढरं का नेसलंय म्हणून. मग लोक विचारतील, किंवा न विचारताच समजून घेतील. हे दुसरं निकिताला जास्त नको होतं.

ती उठली. पाणी प्यायली. परत बसली. या खेपेला तिने फक्त साडीच्या कडेकडेने रेघ ओढली आणि तेवढ्याच भागात रंग भरला. बाबांचा सदरा वाचला. मोगरा वाचला. आईचे डोळे वाचले. साखरपुड्याला आईने पडद्याकडे पाहिल्यावर तिला काय सांगायचं, ते मात्र सुचत नव्हतं. ते नंतर बघू, असं म्हणून तिने फोटो पृथ्वीराजला पाठवून दिला. तरी तिचा हात माउसवरून निघेना. ती फोटो उगाच लहानमोठा करत राहिली.

थोड्या वेळाने फोन वाजला. तिचा नव्हे, चंपाबाईंचा. बोटांना मेथीची माती होती, म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर लावला.

"विहीणबाई, मथुरा बोलतीय. पृथ्वीनं तुमचा फोटो दाखवला. लई देखण्या दिसताय."

"तेव्हा होते," चंपाबाई हसल्या. "आता मेथी निवडते."

"एक विचारायचं हाय. पृथ्वी म्हणला व्हता, तुमच्यात लग्नात नवरी पांढरं नेसती. म्हणून म्या निकितासाठी पांढरीच आणून ठेवलीया, चांगली जरीकाठाची. आमच्या जावा नाकं मुरडत व्हत्या, म्हणलं, पोरीची रीत हाय, पोरगी तिच्या रीतीनं नटंल. आन् आता फोटोत बघते तर तुम्हीच लाल नेसलाय. दुकानदार बदलून देतो म्हणलाय. मग लाल आणू का?"

चंपाबाईंचा हात मेथीत थांबला. त्यांनी मान वळवून लॅपटॉपकडे पाहिलं. तिथली लाल साडीतली बाई त्यांच्याकडेच बघत होती. मग त्यांनी निकिताकडे पाहिलं. निकिताने मान खाली घातली.

चंपाबाईंनी फोन उचलला आणि लेकीच्या तोंडासमोर धरला.

"थांबा, तिच्याशीच बोला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रंगाचं तीच बघते."