अंजिराखालची जागा

काठी अशी वाकली की नेव्हिलला स्टुलावरून उठावंच लागलं. रीळ कर्रकर्र करत सुटलं. गळाला गांडूळ लावून तो सकाळपासून बसला होता, तळाशी चरणाऱ्या एखाद्या मिशाळ बार्बेल माशाच्या आशेनं. पण हा मासा तळाला दबून ओढत नव्हता. तो सरळ नदी ओलांडून निघाला होता. तोंडात गळ आहे याची त्याला जणू खबरच नव्हती.

शेफील्ड शहरात डॉन नदी दोन दगडी भिंतींच्या मधून वाहते. दोन्हीकडे कारखान्यांच्या पाठी. निवृत्त झाल्यापासून नेव्हिल स्टॅनिफोर्थ अलीकडच्या भिंतीवर बसायचा. पलीकडे, भिंतीतून उगवलेल्या रानटी अंजिराखाली, त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह बसायचा. पात्र इतकं अरुंद की एकाच्या चहाची वाफ दुसऱ्याला दिसावी. पण दोघांत बोलणं नव्हतं. पोलादवाल्यांचा मोठा संप झाला, त्या वर्षी नेव्हिल संपकऱ्यांसोबत कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा होता आणि क्लाइव्ह त्याच्यासमोरून मान खाली घालून आत कामावर गेला होता. का गेला, हे नेव्हिलनं कधी विचारलं नाही. आई गेली तेव्हाही दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन दारांनी बाहेर पडले. पुढं म्हातारपणी क्लाइव्ह नेमका समोर येऊन बसू लागला, तेव्हा हा आपल्याला डिवचायलाच आला, असं नेव्हिलनं धरलं. पबमध्ये तो सांगायचा, अख्खी नदी मोकळी पडली आहे, पण त्याला माझ्याच नाकासमोर बसायचंय.

मासा पलीकडच्या भिंतीशी पोचला आणि तिथंच खिळला. दोरी अडकली होती. कुणीतरी नदीत ढकललेली दुकानातली सामानाची लोखंडी ढकलगाडी तिथं बुडालेली होती, हे नेव्हिलला ठाऊक होतं. ओढावं तर दोरी तुटणार. तुटली तर मासा त्या लोखंडात गुरफटून मरणार. हाक मारायची, तर समोर एकच माणूस होता. नेव्हिलनं ती मारली नाही. काठी धरून तो नुसता उभा राहिला.

क्लाइव्ह उठला. त्यानं जाकीट काढून फांदीला अडकवलं आणि भिंतीतल्या लोखंडी शिडीवरून बुटांसकट पाण्यात उतरला. ऑक्टोबरचं गारठलेलं पाणी, आणि माणूस सत्तरी ओलांडलेला. कमरेएवढ्या पाण्यात तो वाकला, त्याचे हात खांद्यापर्यंत बुडाले. बराच वेळ तो चाचपत राहिला. मग दोरी एकदम सैल झाली. क्लाइव्ह मात्र तसाच वाकलेला. हलेना. याला काही झालं की काय, असं नेव्हिलच्या मनात आलं.

"नेव्हिल," क्लाइव्ह म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण दोन भिंतींमधून तो स्वच्छ आला. "इकडे ये. गळ काढलाय. मी धरून ठेवतो. हे तू बघायलाच हवंस."

काठी भिंतीवर टाकून नेव्हिल निघाला. पूल नदीच्या वरच्या अंगाला, बराच लांब होता. आधी तो चालला, मग दुखऱ्या गुडघ्यांनी धावला. पलीकडे पोचून शिडी उतरला आणि पाण्यात शिरला, तरी थंडी त्याला जाणवली नाही.

क्लाइव्हच्या दोन्ही हातांवर, प्रवाहाकडे तोंड करून, हाताहून लांब मासा तरंगत होता. चांदीसारखं अंग, पाठ शाईसारखी. खालचा जबडा वर वळलेला. बांधांवर आपटून शेपटीच्या कडा फाटलेल्या. सॅमन होता तो. या नदीत एके काळी सॅमन येत, हे दोघांनी लहानपणी ऐकलं होतं, पण राक्षसाच्या गोष्टी ऐकाव्यात तसं. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली नदी कारखान्याच्या पाण्यानं कधी तांबडी, कधी काळी वाहायची. आणि हा दूरच्या गार समुद्रातून, एकेक बांध उडी मारून चढत, शहराच्या पोटात आला होता. त्याच्या कुळातलं कुणी कित्येक पिढ्यांत इथं फिरकलं नसेल.

नेव्हिलनं हळूच त्याच्या पाठीला हात लावला. आत काहीतरी थरथरत होतं. कारखान्यात पोलाद लाटायचं यंत्र सुरू झालं की पायाखालची जमीन अशी थरथरायची.

"धाकट्या," तो म्हणाला. हा शब्द तोंडातून कसा निघाला, त्याचं त्यालाच कळलं नाही. "हा आला कसा रे इथपर्यंत?"

"कुणी बोलावलं नव्हतं," क्लाइव्ह म्हणाला. "आला."

दोघांनी हात उघडले. मासा क्षणभर त्यांच्या गुडघ्यांमध्ये थांबला, जणू विसावला. मग पाण्यावर एक रेघ उठली आणि प्रवाहाविरुद्ध वरच्या दिशेनं गेली. रेघ विरली तरी दोघे तिकडेच बघत राहिले.

नेव्हिलनं क्लाइव्हला हात धरून वर ओढलं, अंजिराखालच्या स्टुलावर बसवलं, फांदीवरचं जाकीट त्याच्या खांद्यांवर टाकलं. स्वतः शेजारी दगडावर टेकला. या बाजूनं नदीकडे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रुंद पानांनी पूल झाकला होता, वळण झाकलं होतं, आभाळसुद्धा. पानांच्या मधून तेवढा एक तुकडा मोकळा होता. त्यात पलीकडची भिंत, तिच्यावर एक रिकामं स्टूल, एक पिशवी आणि टाकलेली काठी.

"इथं मासे लागतात तरी का?" त्यानं विचारलं.

"नाही." क्लाइव्हचे दात वाजत होते. "इथून तू दिसतोस."