वातीची खूण

२०२२ च्या कार्तिकातली ही गोष्ट, अमडापूरची. सकाळचा चहा झाला आणि अन्नपूर्णाबाईंनी खूण म्हणून कापसाची वात ठेवली होती तिथं पुस्तक उघडलं. चार ओळी वाचल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचल्या. काल ज्या म्हातारीनं चुलीपुढे बसून दोन्ही लेकांना भाकरी वाढली होती, तिची आज तेरवी चालली होती.

"वं माय, हे मेली कधी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. घरात उत्तर द्यायला कोणी नव्हतं.

मागची दोन पानं उलटून पाहिली. त्यातलं अक्षरही ओळखीचं वाटेना. पण वात तर त्या पानांच्या पुढे होती, म्हणजे वाचली असणारच. आठ दिवसांपासून हे असंच चाललं होतं. बुधवारी सकाळी तर कहर झाला. पाच पानं वाचल्याचं आठवेना, आणि गोष्टीत एक नवाच माणूस ओसरीवर येऊन बसलेला.

त्यांची थोरली बहीण शेवटी शेवटी पोटच्या लेकाला "कोण हो तुम्ही?" विचारायची. तिचंही सुरुवातीला असंच झालं होतं का, हे आता विचारायचं कुणाला?

दिवाळीत दुधाचं पातेलं दोनदा जळालं, तेव्हा मुलगा जीवन म्हणाला होता, "माय, आता मलकापूरले चाल. या घराले कुलूप लावू." अन्नपूर्णाबाईंनी त्याच दिवशी वाचनालयातून हे जाडजूड पुस्तक आणलं. "रोज चार पानं वाचीन. तू येशीन तवा पयल्यापासून गोष्ट सांगीन. अडकली, तर येतो तुह्यासंग." आज रविवार होता. जीवन दुपारी यायचा होता.

तो आला तेव्हा शेजारच्या रुखमाबाई वाती वळत बसल्या होत्या. अन्नपूर्णाबाईंनी लक्ष वातींचा नेम धरला होता, आणि रुखमाबाई रोज दुपारी हातभार लावायला येत. वाती वळता वळता अन्नपूर्णाबाईंचा डोळा लागायचा. रुखमाबाईंचे हात चालूच असायचे.

जीवननं पुस्तक मांडीवर घेतलं. "हं, सांग माय."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. दोघा भावांचं गाव सांगितलं, वावरातला बांध सांगितला, भांडण सांगितलं, चुलीपुढची म्हातारी आणि तिची भाकरी सांगितली. मग त्या थांबल्या.

"मंग?"

"मंग... तिची तेरवी झाली."

"काऊन? काय झालं होतं तिले?"

अन्नपूर्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. जीवननं पुस्तक हळूच मिटलं. "राहू दे माय. कपडे भर."

"तिले कसं माईत राहीन?" रुखमाबाई वातीवरची नजर न काढता म्हणाल्या. "ते पानं तर मी वाचले."

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिली. रुखमाबाई दोन वर्षांपूर्वी गावातल्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या.

"अशा काय पाहून राह्यले? हे म्हने, पोर्णिमेलोक पुस्तक संपवाचं. चार-चार पानानं कधी संपन? हे झोपली की मी दोन पानं वाचो अन् वात पुढं सरकवून ठेवो. पोथीच्या पारायणाले एकीचा गळा बसला तर दुसरी नाही बसत? वातीले हात लावतो, तसा याले लावला."

"मंग काकू, तुमीच सांगा, म्हातारी कायनं मेली?"

"मले काय माईत? मी अक्षरं जुळवू का म्हातारीकडं पाहू?"

जीवन इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अन्नपूर्णाबाईही हसल्या. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला.

दिवा लावून झाल्यावर रुखमाबाई उठल्या. "पण बाई, मी मोजकेच पानं वाचले हो. सोमवारी सकाळीच तं संग्रामपूरले लेकीकडं गेली होती. गुरुवारी आली."

"तू नव्हती?"

"घे! तुले सांगून गेली. तूच नातीसाठी शेवया बांधून देल्या."

अन्नपूर्णाबाईंनी आठवून पाहिलं. शेवयांचा डबा आठवला, त्याचं झाकण आठवलं. बांधून दिल्याचं काही केल्या आठवेना. मग बुधवारी वात पाच पानं पुढे कोणी सरकवली होती?

त्यांच्या तोंडाकडे पाहून रुखमाबाई पुन्हा खाली बसल्या. मग त्यांनी पुस्तक ओढून घेतलं.

बुधवारच्या पानांची गोष्ट त्या दोघींनी जीवनला कधीच सांगितली नाही. त्यानं मात्र पारायणाची गंमत मलकापुरात सगळ्यांना सांगितली. लक्ष वाती पुऱ्या झाल्या. रुखमाबाई आता बसची पाटी लांबूनच वाचतात आणि चिखलीच्या बाजारात बिल वाचून दुकानदाराला अडवतात. दोन वर्षांनी अन्नपूर्णाबाई स्वतःहून म्हणाल्या, "जीवन, घेऊन चाल मले." घराची किल्ली रुखमाबाईंकडे राहिली. त्यांनी वाचनालयातून पुन्हा तेच पुस्तक आणलं.

रोज दुपारी त्या फोन लावतात आणि पुस्तक वाचून दाखवतात. तेरवी आली की पलीकडून आवाज येतो, "वं माय, हे मेली कधी?"

रुखमाबाई दोन पानं मागे उलटतात. म्हातारी पुन्हा चुलीपुढे बसते आणि भाकरी थापायला घेते.