तेवढा एक ‘गो’

“हात वर करूक नको म्हणालो मां डॉक्टर?”

फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडे गेलेला प्राजक्ताचा हात तिथेच थबकला. जानकीने, तिच्या आईने, बरणी काढली, पेजेच्या ताटलीत एक फोड टाकली आणि बरणी परत जागेवर. विषय संपला.

गोव्यातल्या इस्पितळात प्राजक्ताने छाती भरीव करून घेतली, त्याला आज बारा दिवस झाले होते. लाजायचं काय त्यात? स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या मर्जीने. दहा वर्षं मनात धरलेली गोष्ट होती ती. आता छातीला घट्ट पट्टा, दोन गोळ्या ऑपरेशनच्या, शिवाय तिची रोजची जुनी गोळी. दुखायचं, आत ओढ लागायची, पण न्हाणीतल्या हातभर आरशासमोर उभी राहिली की तिला हसू फुटायचं. झालं एकदाचं!

पुण्याच्या खोलीवर तिचं करणारं कोणी नव्हतं, म्हणून ती चार वर्षांनी मालवणच्या घरी आली होती. आल्यापासून पडवीतसुद्धा बसली नव्हती.

आईने केलं मात्र सगळं. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला बांगडा, पाठीमागे उशांचा ढीग. फक्त हाक मारली नाही, इथे बाईमाणसाला ‘गो’ म्हणून मारतात ती. मांजरीला ‘गो’, गायीला ‘गो’, कुंपणापलीकडच्या सावित्रीकाकीला तर वाक्यागणिक ‘गो’. प्राजक्ताच्या वाट्याला मेला एकही नाही! “आयकलां? पेज थंड जाता,” एवढंच. जुन्या बायका नवऱ्याला हाक मारायच्या तसं. ऑपरेशनचा राग गेला नसेल अजून, दुसरं काय?

परवा तिला पुण्याला परतायचं होतं. त्याआधी आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ‘गो’ ऐकायचा होता. बाकी काही नको होतं तिला.

कुशीवर वळायची बंदी. उताणं पडलं की समोरच्या भिंतीवरचा विनीतचा फोटो डोळ्यांपुढे यायचा. दहावीतला, नुकतं मिसरूड फुटलेला, हसायचं विसरलेला. तो काढून ठेव म्हणायला प्राजक्ताची जीभ रेटत नव्हती. विनीत या घरातून गेला त्याला चार वर्षं झाली, तरी आई रोज पदराने ती काच पुसायची. प्राजक्ता तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायची.

वडील होते तेव्हा दशावतारात राणीचं काम करायचे. काल गोळी देताना आई मध्येच म्हणाली, “तुझ्या बापाशीन कापडाचे बोळे भरल्यान की रातभर राणी. तुका खरेच व्हये झाले!”

टोमणा म्हणावा की थट्टा? प्राजक्ताने गोळी गिळली.

आज सकाळी जाग आली तर भिंतीवर नुसता खिळा.

“फोटो खंय गेलो?”

“काच पुसूक काढलंय.” आईने खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि तिला पडवीत चल अशी मानेनेच खूण केली. “केसांचां घरटां झालां हा. हात वर जाणत नाय तर माका सांगूक काय झालां?”

प्राजक्ता पायरीवर बसली. आई मागे. टाळूवर तेल, मग कंगवा, मग तीन पेड. आईने जन्मात कधी तिची वेणी घातली नव्हती. प्राजक्ताला रडू आलं, पण पुसायला हात वर नेला तर पुन्हा बोलणी. तिने ते तसंच वाहू दिलं.

तेवढ्यात कुंपणापाशी सावित्रीकाकी उभी राहिली.

“जानके, तुझो झील ईलो म्हणान आयकलंय. खंय आसा विनीत? आणि ह्यां कोणाचां चेडू गो?” मुलगा शोधणारी तिची नजर वेणी घालून घेणाऱ्या पोरीवर अडकली.

आईचा हात थांबला. प्राजक्ताची मान खाली गेली. उठून आत पळावं असं वाटलं तिला, पण वेणी आईच्या मुठीत होती.

“झील खंयचो गो, सावित्री?” आई म्हणाली. “माका पोर एकच, ता ह्यां चेडू. बारशाक आमचांच नाव चुकलां. विनीत नाय, प्राजक्ता.”

आणि वेणीला एक हिसका दिला.

“मान वर कर गो.”