जनकोजींचा डाख

पेट्रोल पुन्हा गळू लागलं.

पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्यावर, वाळूत, पाण्यानं भरलेल्या पिंपाला एळुमलै कोळ्याच्या बोटीचं इंजिन टांगलं होतं. एळुमलैनं दोरी ओढली. इंजिन खोकलं, काळा धूर सोडून गप्प झालं, आणि कार्बोरेटरमधून पेट्रोलची धार लागली. जनकोजींचा चेहरा उतरला. गेल्या रविवारी हेच झालं होतं आणि त्याच्या आधीच्या रविवारीही.

"भोक राहिलंय कुठंतरी," ते म्हणाले. "काढ तो फ्लोट."

जनकोजींचं वेस्ट मांबलममध्ये पितळी भांडी दुरुस्त करायचं दुकान. तंजावरकडच्या कितीतरी मराठी घरांतल्या घागरी आणि समया त्यांच्या कथलाच्या डाखावर उभ्या होत्या. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा तो पोकळ पितळी फ्लोट पहिल्यांदा हातात आला, तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. पितळ म्हणजे घरचा मामला! फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करतो. भोक पडून आत पेट्रोल शिरलं की तो बुडतो आणि वाट उघडी राहते. म्हणजे भोक बुजवलं की झालं. त्यांनी बुजवलं. तरी गळलं, म्हणून पुढच्या रविवारी वरून आणखी एक डाख दिला. मग आणखी एक. गळकं भांडं असंच वठणीवर येतं, आणि चार गुंजा कथील जास्त लागलं म्हणून कुठल्या घागरीनं आजवर तक्रार केलेली नाही.

शिवाय हे काही साधं गिऱ्हाईक नव्हतं. सुनामीच्या सकाळी किनाऱ्यावर फिरायला आलेल्या त्यांच्या बायकोला, धनलक्ष्मीबाईंना, याच एळुमलैनं अंबाड्याला धरून पाण्याबाहेर ओढलं होतं. त्याचं इंजिन भर समुद्रात बंद पडावं, आणि आपल्या हातात कला असून आपण बघत बसावं? जनकोजींच्या घशाखाली घास उतरत नसे.

धनलक्ष्मीबाई छत्री घेऊन शेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या हातात उंच डबा. दर रविवारी एळुमलै वाळूत बसून जेवायचा आणि नवरा-बायको समोर उभे राहून बघायचे, नैवेद्य दाखवल्यासारखे. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. बाईमाणसाचे केस ओढले या संकोचानं तो बिचारा अजून धनलक्ष्मीबाईंकडे मान वर करून बघत नसे, आणि पोटात जागा असो वा नसो, डबा चाटूनपुसून रिकामा करी.

जनकोजींनी फ्लोट पुसून कोरडा केला आणि पिशवीतून कथलाची कांडी काढली.

"आणखीन?" धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. "पोदुम हो, पुरे."

"तू गप बस. त्याचा जीव असतो समुद्रावर." मग ते एळुमलैकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "हे इंजिनच नेतो मी दुकानी. आठवडाभर ठेवून घेतो, नीट बघतो. तोवर तू समुद्रावर जायचं नाहीस."

एळुमलै दचकला. आठवडाभर बोट वाळूत म्हणजे घरात चूल कशावर पेटायची? तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. शेवटी लुंगीच्या कनवटीतून त्यानं एक नवाकोरा फ्लोट काढला आणि पुढे धरला.

"रागावू नका, अय्या. समुद्रावर जाताना हा घालतो. रविवारी तुम्ही यायच्या आत तुमचा घालून ठेवतो."

"का रे?"

"इतक्या लांबून येता तुम्ही. नको कसं म्हणू?"

पत्र्याच्या डब्यात पेट्रोल होतं, त्यात जनकोजींनी दोन्ही फ्लोट सोडले. नवा टुणकन वर आला. त्यांचा मात्र नाकापर्यंत बुडून कसाबसा तरंगत राहिला. त्यात भोक उरलंच नव्हतं. डाखावर डाख चढून तो जड झाला होता. देव भावाचा भुकेला असतो म्हणतात. कार्बोरेटरचं तसं नसतं.

त्यांना लाज वाटली. या माणसानं बायकोला एकदा वाचवलं होतं. आपलं मन तो दर रविवारी वाचवत होता.

त्यांनी कानस काढली. आपल्याच हातानं चढवलेले थर आपल्याच हातानं उतरवले. भोकावर कथलाची केसाएवढी रेघ राहू दिली, बाकी सगळा चुरा एळुमलैच्या तळहातावर जमा झाला. फ्लोट बसवला. एळुमलैनं दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि चालू राहिलं. तिघंही वाकून कार्बोरेटरच्या बुडाकडे बघत होते. बूड कोरडं ठाक होतं.

"आता तुला हवा तो घाल," जनकोजी म्हणाले. "आमची भीड धरू नकोस."

एळुमलैनं इंजिन बंद केलं, नवा फ्लोट परत कनवटीला लावला आणि तळहातावरचा चुरा तोलल्यासारखा वर-खाली करून बघितला. मग हसत, पहिल्यांदाच, त्यानं मान वर करून धनलक्ष्मीबाईंकडे पाहिलं.

"अक्का, त्या दिवशी तुम्हीपण काय जड होतात! दोनदा वाटलं, द्यावं सोडून."

धनलक्ष्मीबाई त्याच्याकडे बघून अशा हसत सुटल्या की हातातली छत्री वाळूत पडली.

"सरक जरा," त्या म्हणाल्या. एळुमलैच्या शेजारी त्यांनी वाळूत फतकल मारली, डबा उघडला आणि पहिला घास आपल्याच तोंडात घातला.