ओळखा आपलं मूल

चित्रांखाली नावं नव्हती. बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, चेहरा काढायचा नाही. आपण कसे आहोत ते एखाद्या वस्तूतून नाहीतर प्राण्यातून दाखवायचं. आज पालकांनी भिंतीवर आपापलं मूल ओळखायचं होतं. मुलांनी अवाक्षर काढायचं नाही, अशी तंबी होती.

दातांचे डॉक्टर वर्गात शिरले ते थेट एका पांढऱ्याशुभ्र दातासमोर जाऊन उभे राहिले.

"ही आमची! रक्तातच आहे."

"काहीतरीच तुमचं," त्यांची बायको म्हणाली. तिने पुस्तकांच्या ढिगाच्या चित्रावर बोट ठेवलं होतं. "वाचायला बसली की जेवणाची शुद्ध नसते तिला."

त्यांची नऊ वर्षांची मुलगी दोघांच्या मधोमध ओठ घट्ट मिटून उभी होती. मान मात्र जोरजोरात नकारार्थी हलत होती. तिच्याकडे बघायला दोघांनाही सवड नव्हती.

शेवटी बाईच आल्या. "डॉक्टर, तो दात ज्याचा आहे, त्याने या महिन्यात दोघांना चावलंय."

डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

"मी म्हटलंच होतं!" बायको म्हणाली.

"आणि ती पुस्तकं ज्याची आहेत, त्याला ती भर वर्गात उशाला लागतात," बाई म्हणाल्या.

मग दोघंही भिंतीच्या कडेने निघाले. फुलपाखरू की सतार, यावर त्यांची जुंपली.

मुलगी हळूच दाराजवळच्या शेवटच्या चित्रापाशी गेली. चित्रात छत्री घेतलेला बेडूक होता. समोर खाकी गणवेशातले एक बसचालक उभे होते. त्यांची लेक त्यांना आल्या आल्या सापडली होती. तिने चित्रात बसचा भोंगा काढला होता. आता ते नुसतेच बघत होते, आणि खुदूखुदू हसत होते.

"राहायचं पाण्यात, पण भिजायचं नाही! भलतं हट्टी दिसतंय हे पोर."

मुलीने मान खाली घातली.

"आणि छत्री बघ केवढी. एवढ्याशा बेडकाला एवढी कशाला लागते? शेजारी कुणीतरी येऊन उभं राहावं, असं वाटत असणार त्याला."

"अगं, फुलपाखरूच ना?" लांबून बाबांनी विचारलं. "नुसती मान हलव!"

तिने वळूनही पाहिलं नाही. बाईंचं लक्ष नाही असं बघून ती कुजबुजली, "काका, अजून काय दिसतंय?"