मनगटभर माती

"माझी अंगठी खांबांच्या मधेच पडली असणार," गेथिन पुन्हा म्हणाला. "गेल्या रविवारी मी तिथेच लोळत होतो. चिखल काय होता!"

कानांवर हेडफोन चढवून, धातू शोधायच्या मशीनची थाळी गवतावरून डावी-उजवीकडे फिरवत इद्वल प्रॉसर रग्बीच्या दोन खांबांमधून हळूहळू सरकत होता. थाळीखाली धातू आला की मशीन ओरडतं. सोनं असलं तरी ओरडतं आणि बिअरच्या डब्याची कडी असली तरी अगदी त्याच सुरात ओरडतं. म्हणून दर वेळी गुडघे टेकायचे आणि खुरप्याने उकरायचं. सकाळपासून ओंजळभर कड्या, एक नाणं आणि बुटाचा एक खिळा एवढीच कमाई झाली होती.

"गावाने बिअर काय ढोसलीय!" तो कड्या खिशात टाकत म्हणाला. "आणि वर रडतात, क्लबकडे पैसा नाही म्हणून."

नेरिस हसली नाही. ती गेथिनची बायको. इद्वलला फोन करून तिनेच बोलावलं होतं. तो शाळेची बस चालवायचा तेव्हापासून अख्खं गाव त्याला काका म्हणायचं, आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचा नाद त्याने लावून घेतला होता. नवी अंगठी घेऊ, असं गेथिन आठवडाभर सांगत होता. पण नेरिसला त्याची ही लग्नातलीच हवी होती, आणि तीही इथे, या चिखलातच सापडायला हवी होती. अंगठी पडली की काढली, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. नवऱ्याला सरळ विचारायची मात्र हिंमत होत नव्हती.

"सोडा आता, काका," गेथिन म्हणाला. "उगाच तुमचे गुडघे दुखायचे."

"माझ्या गुडघ्यांची काळजी तुला कधीपासून? माझ्या बसच्या सीटा फाडताना नव्हती आली कुणाची दया!"

खांबांमधली जागा बघून झाली. इद्वल चहासाठी गाडीकडे निघाला. मशीन बंद करायची त्याला सवयच नव्हती. चालतानाही हातातली थाळी आपली झुलत राहायची. कपडे बदलायच्या खोल्यांमागे, कुंपणालगतच्या झाडाखाली मशीन ओरडलं.

"तिथे नाही हो!" गेथिन लगबगीने आला. "तिथे आम्ही खेळलोच नाही."

"कडीच असेल. पण न उकरता पुढे गेलो तर जिवाला चुटपुट लागते माझ्या."

गवताचा ढपला झाकणासारखा अलगद उचलला गेला. इद्वल उकरत राहिला. मनगट बुडेल इतक्या खाली पिवळं काहीतरी चमकलं.

"सापडली! ये पोरी, ये लवकर!"

सापडलेली वस्तू इद्वल स्वतः कधी उचलत नसे. ज्याची त्याने मातीतून काढावी, त्या वेळचा त्याचा चेहरा आपण बघावा, एवढ्यासाठीच तर तो एक पैसा न घेता येई. हाक मारून झाल्यावर त्याची नजर ढपल्याच्या कडांवर गेली. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या, आणि त्या त्याने कापलेल्या नव्हत्या. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं, असं वाटून त्याला स्वतःचाच राग आला. पण नेरिस तोवर खड्ड्याशी येऊन बसलीही होती.

तिने हात घातला आणि अंगठी काढली. बाहीला पुसून आतलं आपलं नाव वाचलं. मग तिने मातीने माखलेल्या आपल्या मनगटाकडे बघितलं.

"काका, एका आठवड्यात एवढी खाली जाते?"

गेथिन कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघत उभा होता.

पडलेलं नाणं एवढं खाली जायला माणसाचा जन्म जातो, हे इद्वलला ठाऊक होतं. खोटं बोलायचा सराव नव्हता, म्हणून तो जरा मोठ्यानेच बोलला. "जाते की! इथली माती भुसभुशीत आहे. पाऊस पडला, वर कुणाचा पाय पडला, की गेली खाली."

नेरिसने मान हलवली. तिला ते खरं मानायचं होतं. इद्वलला तिची फार दया आली. तिने अंगठी नवऱ्यापुढे धरली.

"घाल."

गेथिनने ती बोटात सरकवली. मधल्या पेरापाशी ती अडली. त्याने ढकलली, पिळली. पेर लालबुंद झालं, पण अंगठी पुढे जाईना.

"निसटली म्हणाला होतास," नेरिस म्हणाली.

गेथिनने ढकलणं थांबवलं. "घरून निघतानाच साबण लावून काढली होती," तो म्हणाला. "नदीत टाकणार होतो. टाकवली नाही."

"आणि मला सांगवलंही नाही."

"नाही."

इद्वल खड्डा बुजवायला वाकला. नेरिसने त्याच्या हातातून खुरपं घेतलं. सगळी माती आत लोटली, ढपला जागच्या जागी बसवला, उभी राहून टाचेने दाबला. मग शेजारच्या गवतात तिने जोर लावून खुरपं रोवून बघितलं. त्याचं जेमतेम टोक आत शिरलं.

"नाही हो, काका," ती म्हणाली. "चांगली घट्ट आहे की इथली माती."